शुद्धिपत्र आणि विक्रम

पैठणचे नाव निघाले की मराठी माणसाच्या मनात जी कथा प्रथम उभी राहते ती शुद्धिपत्राची. आळंदीच्या ब्रह्मवृंदाने विठ्ठलपंतांच्या मुलांना सांगितले की, पैठणच्या पंडितांकडून शुद्धिपत्र आणा, मग तुमचा विचार करू. आणि ती पोरकी भावंडे पायी चालत गोदातीरी आली, अशी परंपरा आहे. कथेतील रेड्याचा चमत्कार सर्वांच्या स्मरणात असतो. मला मात्र आज तिच्यातील एका निराळ्याच गोष्टीकडे आपले लक्ष वेधावयाचे आहे. ती मुले निर्दोष होती की नव्हती, हा प्रश्न पैठणास सुटावयाचा नव्हताच. ती निर्दोष आहेत असे म्हणण्याचा अधिकार कोणाचा, आणि ते म्हणणे इतरांनी कशाच्या आधारावर मानावयाचे, हा खरा प्रश्न होता.

शरीरात औषध घालून बळ वाढविता येते हे कळल्यापासून खेळाडूंनाही असे शुद्धिपत्र लागू लागले आहे. ते देणाऱ्या व नाकारणाऱ्या सभा आता पैठणास भरत नाहीत. उत्तेजक द्रव्यांवर देखरेख करणारी जागतिक संस्था मॉन्ट्रियल येथे आहे, आणि खेळांतील तंट्यांचा अखेरचा निवाडा करणारे न्यायपीठ स्वित्झर्लंडातील लोझान येथे आहे. ह्या शुद्धिपत्रांचा आणि खेळातील कीर्तीचा, पदव्यांचा व विक्रमांचा परस्पर संबंध काय, ह्याविषयी आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

विषय दूरचा वाटेल, पण तसा तो नाही. महाराष्ट्र केसरी ही मानाची गदा ज्या अधिवेशनात पहिल्याने दिली गेली, ते १९६१ साली ह्याच शहरात भरले होते. तेव्हाचे औरंगाबाद ते आजचे छत्रपती संभाजीनगर. दिनकर दह्यारी हे त्या वर्षीचे विजेते, पहिले महाराष्ट्र केसरी. तेव्हापासून ह्या गदेने खेड्यापाड्यांतील तालमींना जे स्वप्न दिले, त्याची किंमत रुपयांत होणार नाही.

आपल्या मल्लविद्येचे एक वैशिष्ट्य येथेच ध्यानात घ्यावे. कुस्तीत आकडा उरत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरास खासबागेचे मैदान बांधविले, ते अशा बेताने की मध्यभागी तांबड्या मातीचा हौदा आणि भोवती चढत गेलेली प्रेक्षकांची जागा. हजारो डोळ्यांदेखत एकाची पाठ मातीला लागली की निकाल झाला. त्याला कागद नको, पंचांगही नको. पाहणारे हीच साक्ष. आणि पैलवानाच्या बळाचे कारणही तितकेच उघडे असे. पहाटेचे जोर, बैठका, लढत, आणि त्यावर खुराक. दूध, तूप, बदाम घालून वाटलेली थंडाई. अमक्या पैलवानाला दिवसाला इतके शेर दूध आणि इतके बदाम लागतात, हे वस्ताद अभिमानाने चारचौघांत सांगे, आणि ऐकणाराही त्यात थोडी भर घालून पुढे सांगे! खुराक ही लपविण्याची वस्तू नव्हती, मिरविण्याची होती. हा मुद्दा मी पुढे पुन्हा घेणार आहे.

आता त्याच गदेच्या यादीतील एका नावाकडे वळू. मुंबईत दुधाचा व्यवसाय करणाऱ्या, मूळच्या उत्तर प्रदेशातील कुटुंबात वाढलेले नरसिंग यादव हे २०११, २०१२ व २०१३ अशी सलग तीन वर्षे महाराष्ट्र केसरी झाले. त्यापूर्वी २०१० च्या दिल्लीतील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळविले होते. २०१५ च्या सप्टेंबरात अमेरिकेतील लास व्हेगास येथे जागतिक स्पर्धेत ७४ किलो गटाचे कांस्यपदक त्यांनी जिंकले, आणि त्याबरोबर रिओ येथील ऑलिंपिकमध्ये त्या गटासाठी भारताला जागा मिळाली. जागा देशाला मिळते, मल्लाला नव्हे, असा नियम आहे. म्हणून दोन वेळा ऑलिंपिक पदक मिळविलेले सुशीलकुमार ह्यांनी निवडीसाठी कुस्ती लावावी अशी मागणी केली. प्रकरण दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेले व ६ जून २०१६ रोजी ती मागणी फेटाळली गेली.

त्यानंतरचे अडीच महिने हा मराठी कुस्तीच्या इतिहासातील अत्यंत क्लेशकारक काळ होय. २५ जून रोजी सोनीपत येथील सरावशिबिरात घेतलेल्या नमुन्यात मेथॅन्डायनोन हे निषिद्ध द्रव्य सापडले. जुलैच्या आरंभी घेतलेल्या दुसऱ्या नमुन्यातही ते आढळले. आपल्या अन्नपाण्यात कोणी तरी हे द्रव्य कालविले, असे नरसिंग यादव ह्यांचे म्हणणे होते व त्यांनी पोलिसांकडे तक्रारही केली. १ ऑगस्ट रोजी राष्ट्रीय संस्थेच्या शिस्त समितीने ते म्हणणे मानले व त्यांना दोषमुक्त केले. शुद्धिपत्र मिळाले, तालमीतालमींतून पेढे वाटले गेले, मल्ल रिओस पोहोचला. तेथे जागतिक संस्थेने ह्या निर्णयाविरुद्ध दाद मागितली, आणि कुस्तीच्या आदल्या दिवशी, १८ ऑगस्ट रोजी, ऑलिंपिकसाठी तेथेच बसलेल्या लोझानच्या न्यायपीठाने चार वर्षांची बंदी घातली. अठरा दिवसांत एक शुद्धिपत्र मिळाले आणि गेले.

त्या निवाड्याचे कारण समजून घेण्याजोगे आहे. घातपात झाला हे सिद्ध करण्याचा भार मल्लावर होता. नमुन्यात सापडलेले प्रमाण पाण्यात टाकलेल्या भुकटीने येण्यासारखे नाही, ते गोळीच्या रूपाने पोटात गेलेले असावे, असे तज्ज्ञांचे मत पडले. आणि ते एकाहून अधिक वेळा हेतुपुरस्सर घेतले गेले असण्याचाच संभव अधिक, असा पीठाने निष्कर्ष काढला. ह्या कायद्याचे मूलतत्त्व असे आहे की, शरीरात जे सापडले त्याची जबाबदारी त्या शरीराच्या धन्याची. फौजदारी न्यायात आरोप करणाऱ्याने पुरावा द्यावयाचा असतो. येथे नमुना हाच पुरावा, आणि सुटकेचा मार्ग आरोपीने शोधावयाचा. हे तत्त्व कठोर आहे खरे. तथापि ते नसते तर प्रत्येक दोषी खेळाडूला कोणी तरी पाण्यात काही कालविले होते असेच निघाले असते, हेही तितकेच खरे. बंदी २०२० साली संपली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात बेलग्रेड येथे नरसिंग यादव पुन्हा आंतरराष्ट्रीय आखाड्यात उतरले, आणि २०२४ साली राष्ट्रीय कुस्ती महासंघाच्या खेळाडू समितीचे अध्यक्ष म्हणून निवडून आले.

प्रश्न असा की, त्या तीन गदांचे काय? आणि लास व्हेगासच्या पदकाचे काय? नियमाचे उत्तर सरळ आहे. दोषी नमुना ज्या दिवशी घेतला त्या दिवसापासून पुढची फळे जप्त होतात. मागचे मागे राहते. म्हणून तिन्ही गदा आणि ते कांस्यपदक यादीत जसेच्या तसे आहेत. लोकांचे मन मात्र नियमाच्या तारखेपाशी थांबत नाही. २०१६ च्या नमुन्याची सावली ते २०११ च्या मातीवर पाडू पाहते. हा न्याय की अन्याय, हे ठरविण्यापूर्वी ह्या द्रव्याचाच थोडा इतिहास पाहू. कारण त्याचे कूळ मोठे विचित्र आहे.

बळासाठी औषध घेणे आणि त्याबद्दल लाज वाटणे, ह्या दोन गोष्टी एकाच वेळी जन्मलेल्या नाहीत. १८८९ साली पॅरिसच्या ब्राउन-सेकार नामक वृद्ध शरीरशास्त्रज्ञाने जनावरांच्या वृषणांचा अर्क टोचून घेतला व आपणांस तारुण्य परत आले असे जाहीर केले. त्याच वर्षी अमेरिकेतील गॅल्विन नावाच्या बेसबॉल गोलंदाजाने तो अर्क घेतला, आणि वर्तमानपत्रांनी त्याच्या खेळाचे कौतुक करताना अर्काचेही कौतुक केले. १९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकमधील मॅरेथॉनचा विजेता टॉमस हिक्स ह्याला वाटेत त्याच्या सोबत्यांनी कुचल्याचे सत्त्व आणि ब्रँडी पाजली. हे चोरून झाले नाही. त्याच शर्यतीत काही मैल मोटारीतून गेलेला लॉर्झ लबाड ठरला, पण विष पिऊन धावलेला हिक्स लबाड ठरला नाही! त्या काळच्या दृष्टीने मोटार ही फसवणूक होती, आणि कुचला हा खुराकच होता.

मेथॅन्डायनोनचा जन्म त्यानंतर अर्ध्या शतकाने झाला. अमेरिकन वजनउचल संघाचे डॉक्टर जॉन झीगलर १९५४ साली व्हिएन्नाच्या जागतिक स्पर्धेस गेले असता, रशियन मल्लांना पुरुषी संप्रेरक दिले जाते असे त्यांस कळले. पुढे सीबा ह्या औषध कंपनीने त्या संप्रेरकाच्या धर्तीवर पोटात घेण्याजोगी गोळी तयार केली व १९५८ साली ती अमेरिकेत डायनाबोल ह्या नावाने विक्रीस आली. झीगलर ह्यांनी ती आपल्या मल्लांना दिली. थोड्याच वर्षांत मल्ल सांगितल्याच्या कित्येक पट गोळ्या खाऊ लागले, आणि डॉक्टरांना आपल्या कृत्याचा पश्चात्ताप झाला. ही गोळी कुस्तीच्या दिवशी काम करीत नाही. ती सरावाच्या महिन्यांत काम करते. मेहनतीने झिजलेले स्नायू लवकर भरून येतात, अधिक मेहनत सोसते, आणि स्पर्धेपूर्वी गोळी बंद करता येते. म्हणूनच नमुने स्पर्धेच्या दिवशीच न घेता सोनीपतसारख्या शिबिरांत अवचित घ्यावे लागतात. यकृतावर व हृदयावर तिचा जो परिणाम होतो तो मात्र स्पर्धेबरोबर संपत नाही. अशा संप्रेरकांची ऑलिंपिकमधील तपासणी १९७६ साली मॉन्ट्रियल येथे प्रथम झाली. म्हणजे गोळी बाजारात आली आणि तिची तपासणी सुरू झाली, ह्यांत अठरा वर्षांचे अंतर पडले. त्या अठरा वर्षांतील कोणता पराक्रम मेहनतीचा व कोणता गोळीचा, हे आता ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही.

कुस्तीत निदान आकडा उरत नाही. जेथे आकडाच सर्वस्व आहे अशा खेळात ह्या संशयाने काय अनर्थ केला, हे पाहावयास अमेरिकेत जावे लागते. बेसबॉल हा खेळ आपल्याकडे फारसा खेळला जात नाही. आपल्या षटकारासारखा त्यात होमरन असतो; आणि एका हंगामात कोणी किती होमरन मारले, आयुष्यात किती मारले, हे आकडे तेथील शाळकरी मुलांना पाढ्यांसारखे पाठ असतात. १९६१ साली, आपल्या ह्या शहरात पहिली गदा दिली गेली त्याच वर्षी, रॉजर मॅरिस ह्याने एका हंगामात ६१ होमरन मारून बेब रूथचा ६० चा जुना विक्रम मोडला. तेवढ्यावरही वाद झाला, कारण रूथच्या वेळी हंगाम १५४ सामन्यांचा होता आणि मॅरिसच्या वेळी १६२ चा. त्या खेळाच्या प्रमुखाने दोन्ही आकडे वेगवेगळे नोंदवावेत असे सुचविले. मॅरिसच्या आकड्याला तारा लावला गेला, असे लोक त्यानंतर कित्येक वर्षे म्हणत राहिले. वास्तविक तो तारा कधी छापला गेलाच नाही! आपल्या विधिमंडळात तारांकित प्रश्न असतात. अमेरिकेत तारांकित विक्रम ही कल्पना अशी एका न छापलेल्या ताऱ्यातून रुजली.

पुढे ३७ वर्षे ६१ ला कोणी पोहोचले नाही. आणि मग १९९८ ते २००१ ह्या चार हंगामांत तिघा खेळाडूंनी मिळून सहा वेळा तो आकडा ओलांडला. मॅग्वायरने ७० मारले, सोसाने ६६, आणि अखेर बॅरी बाँड्सने ७३. त्या खेळात संप्रेरके निषिद्ध असल्याचे कागदावर १९९१ पासून लिहिलेले होते. तपासणी मात्र नव्हती. ती २००३ साली, तीही नावे न सांगता, सुरू झाली आणि शिक्षा त्यानंतर आली. मॅग्वायरने २०१० साली आपण औषध घेत होतो हे कबूल केले. बाँड्सने ते कधी कबूल केले नाही. न्यायालयातील त्याची एकमेव दोषसिद्धी २०१५ साली अपिलात रद्द झाली. त्याचा ७३ चा हंगामी आणि ७६२ चा आयुष्याचा आकडा आजही अधिकृत विक्रम आहे. ज्या थोर खेळाडूंच्या दालनात पंचाहत्तर टक्के मते मिळाल्याशिवाय प्रवेश नाही, तेथे मात्र २०२२ साली, पत्रकारांच्या दहाव्या व शेवटच्या मतदानात, त्याला सहासष्ट टक्के मिळाली आणि दार बंद झाले. विक्रम त्याचा आहे. मान त्याचा नाही.

लोकांनी आपला तारा दुसऱ्या रीतीने लावला. २००७ साली बाँड्सने हँक ॲरनचा ७५५ चा जुना विक्रम ज्या फटक्याने मोडला, तो चेंडू मार्क एको नावाच्या एका वस्त्ररचनाकाराने साडेसात लाख डॉलरांना विकत घेतला आणि त्याचे काय करावे ह्यावर जनतेचे मत मागविले. तारा कोरावा, तसाच संग्रहालयास द्यावा, की अंतराळात सोडून द्यावा? तारा कोरण्याच्या बाजूने सर्वांत अधिक मते पडली. तसा तो कोरला गेला आणि चेंडू कूपरस्टाउनच्या संग्रहालयास २००८ साली देण्यात आला. मला ह्या प्रकारात थिल्लरपणा पुष्कळ दिसतो. पण एक गोष्ट मान्य केली पाहिजे. त्या चेंडूवर विक्रम आणि त्याविषयीचा संशय, दोन्ही एकाच वेळी वाचता येतात.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशास? संशयित आकडे सरळ पुसून टाकावेत. तसा प्रस्ताव युरोपात खरोखरच आला होता. पूर्व जर्मनीत सरकारी योजनेने खेळाडूंना, अल्पवयीन मुलींनासुद्धा, जीवनसत्त्वे म्हणून संप्रेरकांच्या गोळ्या दिल्या जात होत्या, हे ते राज्य कोसळल्यावर त्याच्याच कागदपत्रांतून उजेडात आले. २००० साली बर्लिनच्या न्यायालयाने त्या योजनेच्या सूत्रधारांना दोषी ठरविले. तरीही मारिटा कोखने त्या देशाच्या वतीने १९८५ साली ४०० मीटरसाठी नोंदविलेली ४७.६० सेकंदांची वेळ आजही जागतिक विक्रम म्हणून उभी आहे, कारण तिचा एकही नमुना दोषी निघालेला नाही. २०१७ साली युरोपीय मैदानी खेळांच्या संस्थेने सुचविले की, ज्यांची तपासणी आजच्या कसोटीस उतरत नाही असे जुने सर्व विक्रम रद्द करून पाटी कोरी करावी. तेव्हा ओरड केली ती ज्यांच्यावर कधी संशयही आला नव्हता अशा जुन्या विजेत्यांनी. चोराबरोबर संन्याशालाही सुळी देणारा तो प्रस्ताव होता, आणि तो अमलात आला नाही हे बरेच झाले.

आकडा शुद्ध आहे की अशुद्ध, असा प्रश्न विचारण्यातच काही चुकते, असे मला वाटते. संपूर्ण शुद्ध असा आकडा कोठेच नाही. बेब रूथने आयुष्यात मारलेले ७१४ होमरन ज्या गोलंदाजांवर मारले त्यांत एकही कृष्णवर्णीय नव्हता. १९४७ पर्यंत त्यांना त्या मैदानात प्रवेशच नव्हता. आपल्याकडे बाळू पालवणकर ह्यांनी १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यात ११४ बळी घेतले, आणि तरीही जातीमुळे हिंदू संघाचे कर्णधार म्हणून त्यांची नेमणूक कधी झाली नाही. त्या काळच्या चौरंगी सामन्यांच्या आकड्यांत हा अन्याय कोठे दिसतो? अमेरिकेने ह्या बाबतीत एक चांगली गोष्ट केली. २०२४ साली जुन्या कृष्णवर्णीय संघांचे आकडे मुख्य नोंदवहीत घेतले गेले, आणि जॉश गिब्सन हा कारकिर्दीच्या सरासरीत सर्वांच्या वर गेला. तेथे काही पुसले गेले नाही. जे राहून गेले होते ते लिहिले गेले.

आपल्या घरचेच उदाहरण घ्यावयाचे तर भाऊसाहेब निंबाळकरांचे घ्यावे. १९४८ च्या डिसेंबरात पुण्यास पूना क्लबच्या मैदानावर महाराष्ट्र विरुद्ध काठेवाड ह्या रणजी सामन्यात ते ४४३ धावांवर नाबाद होते. ब्रॅडमनचा ४५२ चा जागतिक विक्रम मोडण्यास दहा धावा हव्या होत्या. महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ झाल्या होत्या. उपाहाराच्या वेळी राजकोटचे ठाकोरसाहेब, काठेवाडचे कर्णधार, ह्यांनी सांगितले की, आता डाव घोषित करा, नाही तर आम्ही निघतो. आणि काठेवाडचा संघ सामना सोडून खरोखरच निघून गेला. निंबाळकरांना पुढे अधिकृत कसोटी सामना कधी मिळाला नाही. भारतीय फलंदाजाची प्रथम दर्जाच्या सामन्यातील सर्वोच्च धावसंख्या मात्र आजही तीच आहे. त्याहून अलीकडची गोष्ट ह्याच जिल्ह्याची आहे. पैठणला जन्मलेले अंकित बावणे आणि स्वप्निल गुगळे ह्यांनी २०१६ च्या ऑक्टोबरात वानखेडे मैदानावर दिल्लीविरुद्ध तिसऱ्या गड्यासाठी ५९४ धावांची अभंग भागी केली. संगकारा व जयवर्धने ह्यांच्या ६२४ ह्या जागतिक विक्रमास तीस धावा कमी असताना महाराष्ट्राने २ बाद ६३५ वर डाव घोषित केला.

ह्या दोन्ही डावांवर आक्षेप घेणारा घेईल. खेळपट्टी निर्जीव होती, गोलंदाजी दुबळी होती, आणखी काय काय. पण हे सर्व आक्षेप मैदानावर असलेल्या प्रत्येकाला दिसत होते आणि धावफलकाच्या कागदावर आजही वाचता येतात. कोणाविरुद्ध, कोठे, किती बाद, कोणी सोडले, सर्व काही लिहिलेले आहे. वाचणाऱ्याने त्यातून हवे ते वजा करावे. औषधाचा दोष असा वजा करता येत नाही, कारण तो कोणालाच दिसलेला नसतो. समोरचा मल्लही तो पाहत नाही, आणि म्हणून आपण कोणाशी लढलो हे त्याला आयुष्यभर कळत नाही.

मराठेशाहीत वतनाचा तंटा तुटला की महजर होत असे. गोतसभेसमोर साक्षी व्हावयाच्या, आणि कागदाखाली हजर असलेल्या प्रत्येकाची निशाणी व्हावयाची. पाटलाचा नांगर, वाण्याचा तराजू. बनावट महजरही निघत, आणि इतिहाससंशोधकांना ते ओळखण्यात आयुष्ये घालवावी लागली आहेत. पण खरा संशोधक बनावट कागद जाळीत नाही. तो दप्तरात ठेवतो आणि कडेला टीप लिहितो की, हे अक्षर नंतरचे आहे, ही साक्ष जुळत नाही. विक्रम हाही माझ्या मते एक महजरच होय. धावा करणारा किंवा कुस्ती जिंकणारा तो एकट्याने लिहीत नाही. प्रतिस्पर्धी, पंच आणि प्रेक्षक ह्यांच्या निशाण्या त्याखाली असतात, आणि त्या निशाण्या त्यांनी काय पाहिले एवढ्याच्याच असतात. लपवून घेतलेली गोळी त्यांच्याकडून न पाहिलेल्या गोष्टीवर सही घेते.

ह्यावर एक चतुर युक्तिवाद नेहमी केला जातो, तो असा की, लपविणे हाच जर दोष, तर सर्वांना उघडपणे औषध घेऊ द्या. मग फसवणूक उरणार नाही. ब्राउन-सेकारचा अर्क उघडच नव्हता काय? ह्याला उत्तर पूर्व जर्मनीच्या त्या मुलींनी दिले आहे. उघड परवानगी मिळाली की जो घेत नाही त्यालाही घ्यावे लागते, आणि तालमीत ज्याला बाप घालतो त्या बारा वर्षांच्या पोराला संमती कोण विचारणार? शेरभर दूध पचले नाही तर पोट बिघडते. ही गोळी पचली तरी यकृत बिघडते. थंडाईचा पेला आणि गोळी एका मापाने मोजता येणार नाहीत.

उलट बाजूनेही सावध राहिले पाहिजे. पृथ्वी शॉ ह्यांच्या २०१९ च्या फेब्रुवारीत घेतलेल्या नमुन्यात टर्ब्युटलिन हे द्रव्य सापडले. ते खोकल्याच्या औषधात असते, आणि अजाणतेपणी घेतले गेले हे क्रिकेट मंडळाने मान्य केले. बंदी आठ महिन्यांची झाली, तीही मागील तारखेपासून. २०१८ साली राजकोटला कसोटीतील पदार्पणात त्यांनी केलेल्या १३४ धावा तेथेच आहेत, आणि त्या तेथेच असाव्यात. खोकल्याचे औषध आणि डायनाबोलची गोळी ह्यांना एकच शब्द लावणारे वर्तमानपत्री मथळे शुद्धिपत्र मागणाऱ्या आळंदीकरांहून फार वेगळे नाहीत.

म्हणून नरसिंग यादव ह्यांच्या तीन गदांविषयी माझे मत असे. त्या यादीतून काढू नयेत. त्या तिन्ही वर्षी जे मल्ल त्यांच्याकडून हरले, जे पंच होते, जे हजारो लोक पाहत होते, त्यांच्या साक्षीविरुद्ध कोणताही पुरावा आजवर पुढे आलेला नाही, आणि संशय हा पुरावा नव्हे. पण त्यांच्या चरित्राची जेथे नोंद होईल तेथे १ ऑगस्ट व १८ ऑगस्ट २०१६ ह्या दोन्ही तारखा, दोन्ही निवाड्यांच्या कारणांसह, गाळल्याशिवाय लिहाव्यात. त्या उन्हाळ्यात नुकसान कोणाचे झाले हेही लिहावे. सुशीलकुमारांना कुस्ती मिळाली नाही. मधल्या काही दिवसांत ज्या पर्यायी मल्लाचे नाव पुढे केले गेले तो गेला नाही. ७४ किलो गटात भारताची रिओतील जागा एका मल्लाने लास व्हेगासला जिंकली होती, आणि तीवर कोणीच लढले नाही.

पूना क्लबवरील त्या सामन्याच्या धावफलकात निंबाळकरांच्या नावापुढे ४४३ नाबाद असे आहे, आणि निकालाच्या जागी काठेवाडने सामना सोडला असे आहे. सत्तर वर्षांहून अधिक काळ त्या दोन्ही नोंदी एकाच पानावर छापल्या जात आहेत.